पारीची परीक्षा

चिनी खाणे म्हटले की महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम आच उभी राहते: तिन्हीसांजेला रस्त्याच्या कडेस लागलेली तांबडी गाडी, तिच्यावरची काळीभोर कढई, कढईच्या कडांवरून झेपावणारा जाळ, आणि त्या जाळावर उडवला जाणारा, तिखट चटणीने माखलेला भात. हे चित्र खोटे नाही. कोलकात्याच्या चिनी कुटुंबात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात आले, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत सोया सॉस ओतून जे ‘चिकन मांचुरियन’ सिद्ध केले, त्याचा वंशविस्तार आज तालुक्याच्या एसटी स्थानकापर्यंत पोहोचला आहे आणि आपल्या जिभेने तो मनापासून स्वीकारला आहे. परंतु चिनी स्वयंपाकाचा फार मोठा संसार वाफेवर चालतो, आणि तो संसार आपल्या रस्त्यांवर जवळजवळ आलाच नाही, ही गोष्ट मला कित्येक वर्षे खटकत होती; कारण ज्या प्रांतात भाद्रपदातल्या चतुर्थीला घरोघर मोदकपात्र चढते, जिथल्या मुलीला पारी, उकड, कळ्या हे शब्द अक्षरओळखीच्या आधी ठाऊक होतात, त्या प्रांताला चीनच्या आचेपेक्षा चीनची वाफ अधिक जवळची वाटायला हवी होती.

कामानिमित्त एका हिवाळ्यात कोलकात्यास दोन महिन्यांचा मुक्काम पडला, तेव्हा ही वाफ शोधण्याची संधी आली असे मी मानले. पहिले तीन आठवडे माझा तपास चुकीच्या वाटेने चालला. चांगल्या वस्तीतल्या, मंद दिव्यांच्या दोन-तीन उपाहारगृहांत मी गेले. मेनू कार्डावर ‘डिमसम’ या शीर्षकाखाली वीस-वीस नावे होती, बांबूची टोपली मोठ्या अदबीने समोर ठेवली जाई, झाकण उघडताच वाफेचा लोटही येई. पण आतला बाओ हाती घेतला की त्याची पारी बोटांना चिकटे, तळ पाण्याने भिजून गेलेला असे, आणि मधोमध, सारणाच्या गाभ्यात, थंडपणाची एक बारीक कणी जिभेला लागे. शीतपेटीतून काढून घाईघाईने वाफेवर धरलेल्या जिनसेची ती खूण होती. वस्तू कोठेतरी कारखान्यात आठवड्यापूर्वी तयार झाली होती, आणि टोपली तेवढी ताजी होती.

हे खाद्य शोधणाऱ्याची फसगत बहुधा नावांपासूनच सुरू होते, म्हणून नावांची थोडी उकल येथे अवश्य आहे. ‘बाओ’ या चिनी शब्दाचा अर्थ गुंडाळणे, आवरण घालणे. आंबवून फुगवलेल्या गव्हाच्या पिठात सारण भरून जो गोळा वाफवतात तो बाओ अथवा बाओज़ी. सारण नसलेला, नुसत्या पिठाचा गोळा म्हणजे मांथोउ. उत्तर चीन हा गव्हाचा मुलूख असल्यामुळे तेथे तो पोळीभाताच्या जागी रोज खाल्ला जातो. या मांथोउची एक जुनी दंतकथा आहे: तिसऱ्या शतकातला प्रख्यात मुत्सद्दी जुगे लियांग दक्षिणेच्या स्वारीवरून परतत असता नदी ओलांडण्यासाठी तिच्या देवतेला मनुष्यांची शिरे अर्पण करावी लागतील असे त्याला सांगण्यात आले, तेव्हा त्याने पिठाची शिरे करून नदीला वाहिली. देवीपुढे बोकडाऐवजी कोहळा कापणाऱ्या आपल्या माणसांना ही कथा परकी वाटू नये. आपल्याकडे ज्या जिनसेला हल्ली चौकाचौकांत मोमो म्हणतात ती मूळ तिबेटी असून तिचे पीठ बहुधा आंबवलेले नसते. आणि आपला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आहे. बाओशी त्याचे उच्चारसाम्य असले तरी रक्ताचे नाते नाही.

डिमसम हा तर एक पदार्थच नव्हे. कँटन, म्हणजे आजचे ग्वांगजौ, आणि हाँगकाँग या दक्षिणेकडच्या शहरांत सकाळी चहाच्या पेढीवर बसून चहाबरोबर जे लहान लहान पदार्थ खातात त्या सगळ्या समुदायाचे हे नाव असून ‘हृदयाला स्पर्श’ असा त्या दोन अक्षरांचा शब्दशः अर्थ होतो. तेथील माणूस मी डिमसम खायला चाललो असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो ‘याम छा’, चहा प्यायला चाललो. चहाचा एक पेला आणि दोन नग, एवढाच जुन्या काळचा साधा हिशेब होता. म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन, काही जण पाळलेल्या पक्ष्याचा पिंजराही घेऊन, सकाळीच येऊन बसत. कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटे टेबलावर हलकेच आपटून आभार मानायचे, किटलीतले पाणी संपले की झाकण तिरपे ठेवायचे, की न बोलता किटली भरून मिळते. मुळात ही एक बैठक आहे, आणि बैठकीला जशी वेळ असते तशी या खाद्यालाही वेळ असते. ती वेळ पहाटेची आहे, हे मला कोलकात्यात फार उशिरा उमगले.

ते उमगले एका बंगाली सहकाऱ्यामुळे. माझी निराशा ऐकून ते म्हणाले, “दीदी, तुम्ही रात्री जाता आणि पहाटेची वस्तू मागता. रविवारी टेरिटी बाजारात जा. साडेआठनंतर गेलात तर मात्र काही मिळायचे नाही.”

टेरिटी बाजार लालबाजारच्या पोलीस कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, पोद्दार कोर्ट नावाच्या इमारतीजवळ भरतो. त्याचे नाव एदुआर्दो तिरेट्टा या इटालियन गृहस्थावरून पडले आहे. मायदेश सोडून परागंदा झालेला, कासानोव्हाच्या आत्मचरित्रात ज्याचा उल्लेख येतो असा हा माणूस अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनी सरकारच्या कलकत्त्यात रस्ते आणि इमारतींचा अधीक्षक होता, आणि ही पेठ त्याच्या मालकीची होती. चिनी माणसे बंगालात आली तीही त्याच सुमारास. तोंग अछ्यू नावाच्या व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जकडून बजबजजवळ हुगळीच्या काठी जमीन मिळाली. तेथे त्याने चिनी मजूर आणून उसाची लागवड आणि साखरेचा कारखाना सुरू केला. कारखाना टिकला नाही, पण त्या गावाला अछिपुर हे नाव राहिले. अछ्यूची तांबड्या रंगाची समाधी अजून नदीकाठी उभी आहे आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याची चिनी कुटुंबे तिच्या दर्शनाला जातात. पुढच्या दीड शतकात निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येत राहिली आणि त्यांनी आपापले धंदे धरले: कँटनकडचे सुतारकामात, हक्का बोलणारे जोडे शिवण्यात आणि चामडे कमावण्यात, हूबेइकडचे दात बसवण्यात. सुताराला आणि जोडे शिवणाऱ्याला कामावर जाण्यापूर्वी पोटभर, गरम आणि स्वस्त न्याहारी लागते. टेरिटी बाजारातली न्याहारी ही त्या श्रमकऱ्यांची न्याहारी आहे.

मुंबईलाही अशी वस्ती होती. माझगावात १९१९ साली बांधलेले ‘सी यूप कून’ हे चिनी मंदिर आजही उभे आहे. दर्यावर्दी आणि गोदीत काम करणाऱ्या कँटनी लोकांचा तो आसरा होता. पण रस्त्यावर भरणारा पहाटेचा बाजार मुंबईला उरला नाही, कोलकात्याला उरला, म्हणून शोधकाला कोलकात्याची वाट धरावी लागते.

पहिल्या रविवारी त्यांनी सांगूनसवरूनही मी पावणेनऊला पोहोचले. रिकामी भांडी, ओला रस्ता, आणि एका विक्रेत्याकडे उरलेले, गार होऊन कवडीसारखे कठीण झालेले दोन बाओ, एवढेच मला पाहायला मिळाले. दुसऱ्या रविवारी सहाला गेले. धुके होते. फुटपाथच्या कडेने घडीची टेबले लागली होती. कोठे माशांच्या गोळ्यांचे वाफाळते सूप, कोठे पानात बांधून उकडलेला चिकट तांदूळ, कोठे तीळ लावून तळलेले गोड गोळे, कोठे दोऱ्यांना टांगलेली तांबूस, सुकवलेली डुकराच्या मांसाची सॉसेजे, आणि त्यांच्याच शेजारी, तितक्याच गर्दीत, पुरीभाजी. विक्रेत्यांत आता चिनी चेहरे थोडे आणि बंगाली-बिहारी अधिक आहेत. मी तीन ठिकाणचा बाओ घेतला. दोन सामान्य निघाले. तिसरा मिळाला एका वृद्ध चिनी बाईंकडे, ज्यांना सगळा बाजार ‘आंटी’ म्हणत होता, आणि ज्यांच्यापाशी दोन मजली अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची अवघी एक जोडी होती.

त्या भांड्याच्या झाकणाकडे पाहूनच माझी निम्मी खातरजमा झाली. झाकणाला आतून पांढरे सुती फडके ताणून, त्याची चारी टोके वर मुठीशी गाठ मारून बांधली होती. मोदक उकडताना माझी आईही नेमके हेच करते. धातूच्या झाकणावर वाफ थंड होऊन तिचे थेंब बनतात, ते थेंब खालच्या गोळ्यावर पडले की तेथे पारी चिघळते आणि चट्टा पडतो. फडके ते पाणी शोषून घेते. चीनमधल्या बांबूच्या टोपलीचा फायदाही हाच, कारण विणलेले झाकण वाफ जिरवते आणि बाहेरही सोडते. शोभेसाठी टोपलीत आणून ठेवलेला बाओ आणि टोपलीतच शिजलेला बाओ यांत हा भेद असतो.

दुसरी गोष्ट अशी की आंटींनी आच बंद केल्यावर झाकण ताबडतोब उचलले नाही. बोटभर फट राहील असे ते तिरपे केले, आणि रांगेतल्या सहा-सात माणसांची चुळबुळ चालू असताना त्या दोनतीन मिनिटे स्वस्थ उभ्या राहिल्या. यामागे शास्त्र आहे. खमिरामुळे पिठात कर्बवायूचे असंख्य बुडबुडे झालेले असतात. गव्हातल्या चिकट प्रथिनांची जाळी त्यांना धरून ठेवते. वाफेची उष्णता लागली की वायू प्रसरण पावतो, गोळा फुगतो, आणि त्याच वेळी पिठातला स्टार्च पाणी पिऊन घट्ट होत जातो, जणू छत पक्के होईपर्यंत खालच्या टेक्यांनी ते तोलून धरावे तसे. छत नीट पक्के होण्याआधी थंड हवा एकदम आत शिरली तर वायू आकसतो, आणि डोळ्यांदेखत बाओ बसतो, त्याला सुरकुत्या पडतात. साध्या भांड्यातल्या वाफेची उष्णता शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे भट्टीतल्या पावासारखा तांबूस पापुद्रा येथे धरत नाही. पावाचा दोष त्या तांबूसपणाखाली आणि खमंग वासाखाली झाकता येतो. बाओ पांढरा आणि उघडा असतो. पीठ कमी आंबले तर तो दडदडीत होतो, जास्त आंबले तर आंबूस लागतो. जुन्या पद्धतीने राखून ठेवलेल्या आंबवणाचा आंबटपणा क्षाराने मारावा लागतो, आणि क्षार जास्त झाला तर पारीवर पिवळी छटा येते. करणाऱ्याच्या हाताची चूक इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे पक्वान्न मला तरी ठाऊक नाही.

आंटींचा बाओ मुठीएवढा होता. अंगठ्याने दाबला तर खळगा पडे आणि श्वास घ्यावा तसा हळूहळू भरून येई. वरचा पापुद्रा पातळ, किंचित चकाकणारा; तोडला तर आत कापसाचा पेळू ओढावा तसे पदर सुटत. सारण डुकराच्या खिम्याचे, कांद्याची पात आणि आले घातलेले, आणि त्यात रस होता. हा रस कोठून येतो हे मी नंतर विचारले, तेव्हा त्यांनी वाटीत बोट गोल फिरवून दाखवले: खिम्यात थोडे थोडे पाणी घालून एकाच दिशेने फेटत राहायचे, उलट फिरवायचे नाही, म्हणजे मांस ते पाणी पिते आणि शिजताना परत देते. शांघायकडच्या लहान रसाळ बाओत हाडे-कातड्याचा गोठलेला रस्साच तुकडे करून भरतात आणि तो वाफेवर वितळतो. ही त्याहून साधी, घरगुती युक्ती आहे. गोव्यात ताडी घालून आंबवलेले वाफेवरचे सान्ना सोरपोतेलाबरोबर ज्यांनी खाल्ले आहेत, त्यांना आंबवलेले मऊ पीठ आणि डुकराचे मांस यांची मैत्री समजावून सांगायला नको.

डिमसमच्या घराण्यातला जो सर्वांत नाजूक पदार्थ, कोळंबीचा ‘हार गाउ’, तो टेरिटी बाजारात मला मिळाला नाही. परंतु त्याची कृती जेव्हा मी प्रथम वाचली तेव्हा मी आश्चर्याने थक्क झाले होते, ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. गव्हातले चिकट प्रथिन धुऊन टाकून उरलेला निव्वळ स्टार्च घ्यायचा, त्यावर उकळते पाणी ओतायचे, झाकण ठेवायचे, आणि गरम असतानाच मळून त्याची पारी करायची. ही तर उकड झाली! तांदळाच्या पिठीत चिकट प्रथिन नसते, म्हणून कोकणातल्या बायकांनी पिठीचा स्टार्च उकळत्या पाण्याने फुलवून त्यालाच लवचीक केले. चिनी आचाऱ्याने पारी पारदर्शक व्हावी म्हणून गव्हातून ते प्रथिन मुद्दाम काढून टाकले, आणि मग त्यालाही तोच उपाय करावा लागला. दोघेही पारी पातळ करतात, दोघेही कळ्या पाडतात, आणि दोघांच्याही घरी नवशिकीची किंमत कळ्यांच्या संख्येवरून ठरते. उत्तम हार गाउला निदान सात कळ्या हव्यात असे मानतात, निष्णात हात दहा-बाराही पाडतो. तांबड्या चवळीसारखे कडधान्य शिजवून, वाटून, साखर घालून आटवलेले पुरण भरलेला गोड बाओही चीनमध्ये सर्वत्र खातात. पुरण हा शब्द मी येथे सौजन्याने वापरत नाही; ते पुरणच आहे.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, आणि गर्दी ओसरल्यावर आंटींशी बोलणे झाले. त्यांची हिंदी कोलकात्याच्या वळणाची होती. पीठ त्या शनिवारी रात्री भिजवतात, तीनला उठून गोळे करतात. किती करता, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, “साठ. पूर्वी दोनशे करत होतो. तेव्हा घरात माणसे होती.”

ही माणसे कोठे गेली याचे उत्तर कोलकात्यातल्या प्रत्येक चिनी घराला ठाऊक आहे. १९६२ च्या भारत-चीन युद्धात भारतात जन्मलेल्या, येथेच वाढलेल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना संशयावरून, कोणताही मुकद्दमा न चालवता, राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांत म्हातारी होती, तान्ही मुलेही होती. काहींना सुटायला पाच वर्षे लागली. परतल्यावर कित्येकांना आपले घर, दुकान, धंदा पूर्वीसारखा सापडला नाही. मग ज्यांना जमले ते कॅनडाला गेले, टोरंटोकडे त्यांची मोठी वस्ती झाली; मागे राहिलेली वस्ती दरवर्षी रोडावत आहे. तो काळ मी इतिहासात वाचला होता आणि वाचून पुढचे पान उलटले होते. साठ आणि दोनशे या दोन आकड्यांपाशी मला थांबावे लागले. चांगला बाओ मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी मीही एक होते; तो करणाऱ्या हातांचे आपण काय केले, हा प्रश्न मी त्याआधी स्वतःला कधी विचारला नव्हता, आणि तो विचारायला हवा होता असे मला आजही तीव्रतेने वाटते.

माझे परतीचे विमान रविवारी दुपारचे होते. सकाळी शेवटची टेरिटी बाजारात गेले, तेव्हा आंटींच्या शेजारी तिसरे, लहान भांडे दिसले. आदल्या खेपेस मी मोदकाविषयी आणि पुण्यातल्या आईविषयी बोलले होते. “तुझी आई मांस खात नाही म्हणालीस ना,” असे म्हणून त्यांनी त्यातून गोड पुरणाचे चार बाओ काढून दिले, आणि मी न विचारताच सांगितले की या पिठाला चरबी लावलेली नाही, तेल लावले आहे, आणि भांडेही निराळे आहे. पैसे घेताना त्यांनी चारांचे न घेता तिनांचेच घेतले.

पुण्याला पोहोचेपर्यंत ते गार होऊन टणक झाले होते. वाफवलेल्या पिठाचा तो धर्मच आहे. गार झाला की स्टार्च पुन्हा आकसून घट्ट होतो, आणि पुन्हा वाफ मिळाली की बराचसा सैल पडतो. रात्री आईने मोदकपात्र काढले, झाकणाला फडके बांधले. दहा मिनिटांनी आच बंद केली आणि झाकण बोटभर तिरपे करून ती थांबली. तिला हे कोणी सांगितले नव्हते. मग तिने एक बाओ ताटलीत घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला, कड मोडली, आणि पुरणाला हात न लावता नुसत्या पारीचा तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिली.

“पारी छान जमली आहे,” ती म्हणाली. “कुणाच्या हातची?”